पट्टा काढलेली गाडी

धाकटीने गाडी घेतली तेव्हा थोरल्या भावाला विचारलं नव्हतं. घेतल्यावर मात्र पहिल्यांदा त्याच्याकडेच आणली. भाऊ मेकॅनिक. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखायचा, म्हणून गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे त्याला कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

सकाळची वेळ. शटर नुकतंच वर गेलं होतं.

"दादा, हिची ताकद मोजून दे," चावी त्याच्या पुढ्यात ठेवत ती म्हणाली. "डोंगरचढाच्या शर्यतीत उतरवायचीय."

"आधी घ्यायची, मग दाखवायची. नवराही असाच आणलास."

"तो चांगला निघाला की."

"बरं, आता गाडीचं बघू."

गाडी देखणी होती यात शंका नाही. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर, रंग पावसाळी ढगासारखा राखाडी. आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेला सुपरचार्जर. ही रचना कानसेनला मनापासून आवडायची. साधं इंजिन स्वतःला जमेल तेवढीच हवा ओढतं. सुपरचार्जर इंजिनाच्याच जोरावर, एका पट्ट्याने फिरतो आणि जास्तीची हवा आत कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. धुराच्या झोतावर फिरणाऱ्या टर्बोला जोर धरायला क्षणभर लागतो, इथे तेही नाही. पाय टेकवला की गाडी निघालीच.

"कोणाकडून घेतलीस?" बॉनेट उघडता उघडता त्याने विचारलं.

"एक वयस्कर बाई आहेत. नवरा वारला, गाडी नुसती उभी होती. त्यांनी फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, तुम्हाला दम्याचा त्रास नाही ना?"

"मग?"

"म्हटलं, दम्याचा नाही, भावाचा आहे."

कानसेन हसला. मागची चाकं ताकद मोजायच्या रोलरवर चढवून त्याने गाडी साखळ्यांनी जखडली, धुराच्या नळीचं तोंड बाहेर सोडलं आणि स्वतः आत बसला. धाकटी ताकदीचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभी राहिली. त्याने गियर टाकला आणि पाय दाबला. सुपरचार्जरची शीळ सुरू झाली. आधी बारीक, मग चढत चढत पत्र्याच्या छपराला जाऊन भिडली.

"कंपनी सांगते त्याहून जास्त आलीय," धाकटी खूश होऊन म्हणाली.

दुसऱ्यांदा आकडा थोडा उतरायला हवा होता. दाबलेली हवा तापते, ती थंड करायला वेगळा रेडिएटर असतो, पण एका जागी उभ्या गाडीत तो तरी किती पुरणार. आकडा उतरला नाही. वाढला. तिसऱ्यांदा आणखी वाढला. एवढं पळवल्यावर इंजिनाने दमायला हवं, ते ताजंतवानं होत होतं. दमला होता कानसेन. नुसता बसून होता, तरी दोन जिने धावत चढल्यासारखी त्याची छाती भरून आली होती. धूर आत येत असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. बाहेर येऊन नळी तपासली. नळी घट्ट होती.

त्याने इंजिन बंद केलं आणि सुपरचार्जरच्या जवळ हात नेला. चटका बसेल म्हणून बेतानेच नेला होता. धातू गार होता. अंगावर दवाचे थेंब धरले होते. वास आला तोही पेट्रोलचा नव्हता. कुणीतरी बरेच दिवस अंथरुणाला खिळून असलेल्या, खिडक्या लावलेल्या खोलीचा वास होता तो.

"दादा," आत वाकून बघत धाकटी म्हणाली, "हा काटा बघ."

तो हवेच्या दाबाचा काटा होता. इंजिन बंद असलं की तो शून्यावर बसतो, दुसरीकडे जायला त्याला कारणच नसतं. तो हलत होता. सावकाश थोडा वर जायचा, थबकायचा, मग शून्याच्या खाली उतरायचा. पुन्हा वर.

"बिघडला असेल."

"असेल," कानसेन म्हणाला.

त्या काट्याला जाणारी बारीक रबरी नळी त्याने इंजिनाजवळून उपसली आणि उघड्या तोंडावर अंगठा धरला. आतून हवा आली. अंगठ्यावर हलकेच दाबली गेली, थांबली, आणि मग तिने अंगठा आत ओढला. त्याने हात झटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही," नळी परत बसवत तो म्हणाला. "सुपरचार्जरचा पट्टा काढतो. नुसतं इंजिन कसं चालतं ते बघू."

हे त्याने उगाच सांगितलं नव्हतं. दोष सापडत नसला की एकेक भाग बाजूला काढत जायचं, ही त्याची रीत. पट्टा नाही तर सुपरचार्जर फिरणार नाही. फिरणार नाही तर जास्तीची हवा नाही. बाजूच्या झडपेतून जेमतेम हवा मिळेल आणि गाडी गोगलगायीसारखी चालेल. तशी ती चालली, की मनातलं मळभ जाणार होतं.

गोदामांमागचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. धाकटी चालवायला बसली, तो शेजारी, काढलेला पट्टा मांडीवर घेऊन. गाडी खरंच रडतखडत निघाली.

"म्हातारी झाली रे ही," ती हसत म्हणाली.

शेवटचं गोदाम मागे पडलं आणि शीळ ऐकू आली.

आधी त्याला वाटलं, वाऱ्याची असेल. मग पाठ सीटमध्ये रुतली. वेगाचा काटा सरसर चढत गेला. रस्त्याकडेचे खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसू लागले.

"दादा... पट्टा काढलायस ना?"

त्याने पट्टा उचलून तिला दाखवला.

"मी पाय काढलाय," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "कधीचा काढलाय..."

"ब्रेक दाब. पूर्ण."

ब्रेक चांगले होते म्हणून दोघं वाचले. टायर किंचाळले, जळका वास आला, गाडी आडवी होत होत थांबली. कानसेनने हात लांब करून चावी बंद केली. इंजिन थांबलं. शीळ थांबली नाही. कुणी लांबून धावत आल्यावर छाती भरून घेतं तशी ती खोल, संथ होत गेली. त्याने धाकटीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, ओठ निळसर पडले होते. ती श्वास घ्यायला बघत होती आणि तो तिला मिळत नव्हता. तिची छाती खाली गेली की समोरचा हवेच्या दाबाचा काटा वर चढत होता.

त्याने तिचा बेल्ट सोडला, आपल्या बाजूचं दार लाथेने उघडलं आणि तिला फरपटत बाहेर काढलं. रस्त्यावर ती बराच वेळ खोकत राहिली. मग रडली. मग म्हणाली, "घरी सांगू नकोस."

त्याने त्या बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमचे हेही गाडीतच गेले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले दम्याने. त्यांना जन्मात दमा नव्हता. कुणाला सांगणार... आणि सांगून पटणार कुणाला?"

त्यांचा राग यायला हवा होता, पण त्याला आला नाही. त्याने सुपरचार्जर उतरवला, कापून त्याचे तुकडे केले आणि स्वतः ओतशाळेत नेऊन भट्टीत टाकले. पूर्ण वितळेपर्यंत तिथून हलला नाही. उरलेली गाडी भंगारात गेली. धाकटीने हट्ट केला नाही. तिच्या फुप्फुसांत डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी खबरदारी म्हणून त्यांनी श्वासाचा व्यायाम सांगितला होता.

काही आठवड्यांनी कानसेन तिच्याकडे सहज गेला. ती टेबलापाशी बसून तो व्यायामच करत होती. प्लास्टिकची तीन नळकांडी, प्रत्येकात एक हलका चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात.

"बस, चहा टाकते," म्हणत तिने ते टेबलावर ठेवलं आणि आत गेली. रंग परत आला होता, चालणं पूर्वीसारखं झालं होतं. कानसेनला हायसं वाटलं.

"आता बरीच बरी आहे मी," ती आतून बोलत होती. "ह्यांना वाटतं, शर्यतीचं भूत उतरलं एकदाचं."

ती थांबली. आत तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि टेबलावरचा पहिला चेंडू अलगद वर गेला आणि खाली बसला.

"मी म्हटलं, उतरलं तर उतरलं," ती पुढे म्हणाली. "झोपही छान लागते हल्ली."

ती थांबली. दोन चेंडू वर गेले आणि खाली बसले. नळी टेबलाच्या कडेवरून मोकळी लोंबत होती.

"दादा, साखर घालू ना तुझ्यात?"

त्याची नजर चेंडूंवर खिळली होती. आत ती उत्तराची वाट बघत थांबली. तिन्ही चेंडू वर गेले, आणि वरच थांबले.