उपास आहे ना?

यमुनाबाई घोलप पलंगावर आडव्या झाल्या तेव्हा खोलीत डॉक्टर नव्हते, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. तालुक्याच्या रुग्णालयात स्वयंदुर्बीण येऊन दोन वर्षं झाली होती. तोंडावाटे आत शिरायची, जठर ओलांडून पित्तनलिकेच्या तोंडाशी पोचायची आणि अडकलेला खडा ओढून काढायची, सगळं आपलं आपण. यमुनाबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. खडा आज निघाला नसता तर बाईंचं काही खरं नव्हतं.

गुंगीचं औषध सोडण्याआधी यंत्रानं विचारलं, "आज उपास आहे ना?"

"हो तर! संकष्टी कधी चुकवली नाही मी."

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

हा प्रश्न तुपे सिस्टरांचा. कंपनीनं मराठी वाक्यं तपासायला पाठवली, तेव्हा 'गत आठ तासांत अन्नसेवन केले आहे काय' हे वाचून त्या खो खो हसल्या होत्या. "असं कोण बोलतं, मेल्यांनो?" म्हणत त्यांनी ते खोडलं आणि आपलं साधं वाक्य लिहिलं. पूर्वी त्या स्वतः विचारायच्या, तेव्हा लगेच पुस्ती जोडायच्या, "खिचडी-बिचडी नाही ना खाल्ली?" ती पुस्ती लिहायची राहूनच गेली. आता त्या बाहेर बसून चार खोल्यांचे पडदे बघत.

पडद्यावर अक्षरं उमटली: जठरात असंख्य पांढरे खडे.

"खडे कसले, साबुदाणा आहे तो!" सिस्टर ओरडतच आत धावल्या. त्यांनी दुर्बीण बाहेर काढली, बाईंचं डोकं खाली केलं, नळीनं घसा साफ केला. पण ओकारी श्वासनलिकेत उतरली होती.

नवव्या दिवशी यमुनाबाई गेल्या.

"सिस्टर, आई यंत्राशी खोटं बोलली का हो?" त्यांच्या मुलीनं, रेवतीनं विचारलं.

"नाही गं बाई. तिचं उत्तर बरोबर होतं. माझा प्रश्नच चुकला." सिस्टरांना रडू आवरेना.

त्याच दुपारी त्यांनी कंपनीला फोन केला. "ते वाक्य बदला. आत्ताच्या आत्ता!"

"चाचण्यांशिवाय अक्षरही बदलता येत नाही, मॅडम. पंधरा दिवस लागतील."

"तोवर यंत्रं बंद ठेवा."

"एकशे चार रुग्णालयांत ही यंत्रं आहेत, मॅडम. कशी बंद ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. सिस्टरांनी रुग्णालयांची यादी समोर ओढली आणि पहिला नंबर फिरवला. फोन यंत्रानंच उचलला. त्यांनी दुसरा लावला, तिसरा लावला. चौथ्या वेळी त्या ओरडल्याच.

"अहो, तिथं माणूस आहे का कुणी?"