खिळा माझ्या मुठीत

"मॅडम, खिशांतलें सगळें काडलां. आतां तरी सोडा भितर!"

असं म्हणणाऱ्या माणसाकडे मी पहिल्यांदा पाहिलं ते संशयानंच. म्हापशाच्या एका स्कॅन सेंटरात मी, गौरवी, एमआरआय चालवते. माणसाच्या डोळ्यांआधी त्याचे खिसे पाहायची सवय लागली आहे. पण याचे डोळे... जाऊ दे, ते नंतर!

तो रुद्रेश, आमोणे गावचा. त्याची बहीण सुविधा सहा महिन्यांची गरोदर, आणि पोटात उजवीकडे जीवघेणी कळ. सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसेना. ते फुटलं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणार, म्हणून डॉक्टरांनी तातडीनं आमच्याकडे पाठवलं होतं.

"बाळाक कांय जायना मगे?" सुविधानं माझा हात घट्ट धरला.

"ना गो बाय. ह्या मशिनांत एक्स-रे ना, फकत लोहचुंबक. इंजेक्शनय दिवचें ना. आवाज मात व्हडलो येता, म्हणून कानांक हो हेडफोन घाल."

"तुमची भयण आसली जाल्यार घालतलीं आशिल्लीं भितर?" रुद्रेशनं विचारलं.

"तुमच्यापरस बेगीन!" त्याच्याही आधी घातलं असतं, हे खरंच होतं.

त्यानं लगेच संमतीच्या कागदावर सही केली. मला ते आवडलं.

सुविधाचं मंगळसूत्र, बांगड्या उतरवल्या. कमरेच्या दोऱ्याला लोखंडाचा खिळा होता. गरोदर बाईला दृष्ट लागू नये म्हणून तिच्या आईनं, मालतीबाईंनी, बांधलेला. आमच्या पेडण्यातही बांधतात, म्हणून मी प्रत्येकीचा दोरा न विसरता तपासते. खिळा सोडून रुद्रेशच्या हातात दिला आणि बजावलं, बाहेर ठेवा.

बहिणीजवळ बसायचा त्याचा हट्ट होता. दारात मी धातू तपासायचं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवलं... छातीशी येताच ते किंचाळलं. शर्टाच्या आत, बनियनला खोचलेला – तोच खिळा!

"आईक शब्द दिलां," तो ओशाळून म्हणाला. "खिळो सुविधाच्या लागींच आसतलो म्हणून."

माझं डोकंच फिरलं. "चुंबकान बाळाक कांय जायना. पूण हो खिळो भितर गेल्यार बंदुकेच्या गुळयेभशेन सुटून तिच्याच आंगार वतलो! कळ्ळें?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग मलाच वाईट वाटलं. भीतीनं नाही, मायेनं केलं होतं त्यानं.

"दिया म्हाका," मी हात पुढे केला. "हांव ह्या कांचेफाटल्यान बसतां, तिच्यासून धा पावलांर. काम जायसर मुठींत धरतां. आईचो शब्द उरलो मगे?"

तेव्हा त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ना – तेच ते डोळे.

मशीन ठणाणा वाजत होतं. रुद्रेश बहिणीच्या पायाशी, तिचा अंगठा धरून. दर दोन मिनिटांनी काचेतून माझ्याकडे बघायचा. मी मूठ वर करून दाखवायची. तो हसायचा... आणि पडद्यावरचं चित्र बघता बघता माझं काळीज भलतंच धडधडायचं!

अपेंडिक्स सुजलं होतं, फुटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. आई-बाळ दोघंही सुखरूप.

त्यानंतरच्या शुक्रवारी म्हापशाच्या आठवडी बाजारात आपल्या मळ्यातल्या मिरच्या विकून रुद्रेश आला, रिपोर्टाची दुसरी प्रत मागायला. पुढच्या शुक्रवारी तिसरी. मग सुविधाचे निरोप सुरू झाले. मीही भोळेपणाचं सोंग घेऊन ऐकत राहिले.

असे तीन महिने गेले, आणि आज तो धापा टाकत आला. "चली जाली! आवय-धूव दोगांय बरीं!"

सुविधाला मुलगी झाल्याचं ऐकून मला हसूही आलं आणि डोळेही भरले. तो मात्र तिथंच घुटमळला. "आतां रिपोर्ट सोंपले, निरोपय सोंपले... फुडल्या शुक्रारा कितें सांगून येवं?"

"खरें तें सांगात," मी म्हणाले. "फुडल्या शुक्रारा कित्याक? आतांच सांगात थंय काउंटरार."

तो खरंच गेला! काउंटरवरच्या समीक्षानं मान वर न करता विचारलं, "पेशंटाचें नांव?"

"पेशंट ना. हांव गौरवीक मेळपाक आयलां," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हाका ती आवडटा."

बाकांवरची सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी दार सताड उघडलं आणि त्याच्याहून मोठ्यानं म्हणाले,

"म्हाकाय तो आवडटा!"