धुक्यातला बाटलीवाला

“अहो... तिथेच थांबा!”

तळ्याच्या अलीकडून ती जिवाच्या आकांताने ओरडली, आणि पलीकडच्या लाकडी धक्क्यावर आलेला तो बिचारा जागच्या जागी थांबला. दोन्ही हातांत रिकाम्या बाटल्या, मान ताठ, पोट आत. कोणी फोटो काढत असलं की हलायचं नाही, एवढे संस्कार त्याच्यावर घरूनच झाले होते.

घोडचूक झाली ती तिचीच. धुकं मऊ दिसावं म्हणून तिने कॅमेऱ्याचं शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं होतं. एवढ्या वेळात हलणारं काही फोटोत टिकत नाही; तो आपला चालत राहिला असता तर उमटलाच नसता. थांबला म्हणून उमटला – धुक्याच्या मधोमध, बाटल्यांसकट!

ती तणतणत धक्क्यावर आली. “किती दिवस वाट पाहिली मी या धुक्याची! रिकामा धक्का हवा होता मला. प्रदर्शनात तेवढ्या एकाच फोटोची जागा राहिलीय.”

“मग चालू द्यायचं होतं की मला...”

“ते मला आत्ता सुचतंय!”

तो हसला. असा हसला की तिचा निम्मा राग तिथेच विरला, आणि उरलेल्या निम्म्याचं काय करावं ते तिला कळेना. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. रोज सकाळी तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचा. तिने त्याचं नाव ‘बाटलीवाला’ ठेवलं. तोही काही कमी नव्हता, तिला ‘थांबा मॅडम’ म्हणू लागला.

धुकं मात्र रुसलं. सूर्य कुठे उगवणार, वारा कुठून येणार, सगळं आदल्या दिवशी ठरवून ती यायची आणि नेमकं लख्ख ऊन पडायचं. मग दोघं धक्क्यावर पाय सोडून चहा प्यायचे.

“आज केस मोकळे?”

“पाण्याकडे बघा. नमुना चुकेल.”

“पाण्यातच तर दिसताय...”

आपण धुक्यासाठी येतो की आणखी कशासाठी, हे तिने स्वतःला विचारलंच नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

आणि एका सकाळी तो म्हणाला, “माझी बदली होतेय. सोमवारपासून दुसऱ्या गावी.”

ती “अभिनंदन” म्हणाली आणि कप बाजूला ठेवला.

प्रदर्शनाला फोटो द्यायचा शेवटचा दिवस शनिवार. त्याच दिवशी धुकं पडलं! दाट, अगदी हवं तसं. धक्का रिकामा... फोटो बिघडू नये म्हणून तो पलीकडे शहाण्यासारखा झाडाआड थांबला होता. तिने कॅमेरा लावला, बटणावर बोट ठेवलं – आणि ते तसंच उचललं. हा आज बाटल्या भरून निघून जाईल, आणि आपण भिंतीवर एक सुंदर रिकामा धक्का टांगून बसू.

कॅमेरा तिथेच सोडून, तळ्याला वळसा घालत, ती चिखलातून धावत सुटली.

“अहो, काय करताय? धुकं विरतंय! आधी फोटो काढा!”

“खड्ड्यात गेला फोटो!” तिला धाप लागली होती. “तुम्ही... तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही आवडता. खूप. झालं... बोलले एकदाची!”

तळ्यावर ऊन उतरलं. धुक्याचा मागमूस राहिला नाही. तो कानापर्यंत लाल होऊन तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघत राहिला.

“मला तर... पहिल्या दिवसापासूनच. म्हणून तर बदली परवाच नाकारली मी.”

“काय! मग बोलला का नाहीत? माझा फोटो तरी वाचला असता!”

“फोटो झाला की सांगणारच होतो. पण तुम्ही अशा धावत येताना दिसलात... मग म्हटलं, आता कशाला अडवू!”

तिने त्याच्या हातातली बाटली हिसकावली, तळ्यात बुडवून गच्च भरली आणि सगळं गार पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. मग त्याचा ओला हात घट्ट धरला.