टेस्टरवरचं नाव

वैशाखातल्या भर दुपारी खामगाव-नांदुरा रस्त्यावर कोणी दिसलं, तर समजावं, एक तर त्याला घर नाही, नाही तर तो नेटवाला आहे. लोकांचं इंटरनेट नेमकं उन्हाच्या तडाख्यातच बंद पडतं. शेखर हा असा नेटवाला. डोक्याला दुपट्टा, गाडीला पाण्याची बाटली आणि पाठीवरच्या बॅगेत त्याचं लाडकं टेस्टर.

हे टेस्टर म्हणजे तळहाताएवढं पिवळं यंत्र. घरातल्या वायफायला काय काय जोडलेलं आहे, त्याची नावं ते पडद्यावर दाखवायचं. एखाद्या नावावर बोट ठेवलं, की ती वस्तू कुठे आहे ते टिकटिक करून सांगायचं. लांब असली तर सावकाश, जवळ असली तर भरभर. शेखर ते बायकोलाही हाताळू द्यायचा नाही.

त्या दिवशीचं काम मात्र भलतंच होतं. नांदुऱ्याहून रेवती नावाच्या बाईंचा फोन आला होता. "दादा, दुरुस्त काही करायचं नाहीये. फक्त माझ्या आईला मशीनवर दाखवायचं, की घरात काही नाही."

"काही नाही हे काय दाखवाचं ताई?"

मग तिने सगळं सांगितलं. तिचा भाऊ सोहम दोन वर्षांपूर्वी असाच दुपारी, स्टेशनवर जाऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. पोलीस झाले, नवस झाले, गावोगावी फोटो लागले. तेव्हापासून आईने घरातलं वायफाय एकदाही बंद होऊ दिलं नाही. नाव बदलायचं नाही, पासवर्ड बदलायचा नाही. दुपारी राउटरचा दिवा लुकलुकतो आणि आई म्हणते, कुणीतरी येतं. रेवतीला तिला कायमचं पुण्याला न्यायचं होतं. सामान बांधून झालं होतं. पण आई अडून बसली होती, की कुणी जाणत्याने तपासून सांगितल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.

शेखरला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडं हसूही आलं. 'नाही' म्हणायला टेस्टर कशाला हवं? पण तो निघाला.

घर स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत होतं. दारावर 'स्नेहसदन', आणि वायफायचं नावही तेच. सोहमची आई, स्नेहलताबाई, शाळेतून रिटायर झालेल्या. ताठ बसणं, स्वच्छ बोलणं. येडीगबाळी म्हातारी असेल असं शेखरला वाटलं होतं, ते पहिल्या दोन वाक्यांतच पुसलं गेलं. त्यांनी त्याला माठातलं पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं. रेवतीची वर्षाची ओवी त्यांच्या कडेवर होती, आणि त्या तिला क्षणभर खाली ठेवत नव्हत्या. रेवती म्हणाली, "अगं, झोळीत टाक की तिला." बाईंनी पोरीला आणखी घट्ट धरलं.

शेखरने वायफायचा पासवर्ड विचारून घेतला, टेस्टर सुरू केलं. रेवतीचा मोबाईल, बाईंचा मोबाईल, भिंतीवरचा टीव्ही. बस. बाहेर चिटपाखरू नव्हतं. कूलर घरघरत होता.

"आई, बघ," रेवती म्हणाली, "आपलंच सगळं आहे."

"थांबा थोडं," बाई म्हणाल्या. "अजून वेळ झाली नाही."

शेखर थांबला. पन्ह्याचा पेला रिकामा झाला. कूलरची टाकी आटली म्हणून रेवती तो बंद करायला उठली, आणि घर एकदम गप्प झालं. मग राउटरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

पडद्यावर एक नाव वाढलं. सोहम.

शेखरने पहिल्यांदा डोळे चोळले. मग त्याच्या मनाने नेहमीसारखा हिशेब मांडला. जुना फोन असेल कुठल्या तरी कपाटात, कोणीतरी चार्ज केला असेल. एवढंच. त्याने नावावर बोट ठेवलं. टिक... टिक... टिक... दूर, बाहेरच्या फाटकाच्या बाजूला. तो दाराकडे निघाला. दोन पावलं टाकून थांबला. तो थांबला, पण टिकटिक थांबली नाही. ती वाढत गेली. शेखर जागचा हलला नव्हता, आणि ते जवळ येत होतं.

दारातून काही आत आलं नाही. वास आला. पावसात भिजलेल्या सरकीच्या ढेपीला येतो ना, तसला आंबूस, गरम वास. वैशाखात. टिकटिक त्याच्या शेजारून पुढे गेली, बाईंच्या दिशेने, ओवीच्या दिशेने. बाई झटकन उठल्या आणि पोरीला घेऊन मागच्या अंगणात गेल्या. तसं ते मध्येच थांबलं आणि सावकाश वळून पुन्हा शेखरकडे आलं. टेस्टरचा नुसता एकसलग सूर झाला. शेखरच्या मानेवरचे केस ताठ झाले. घाबरला होता तो, सरळ सांगायचं तर.

"आहे का हो काही?" रेवतीने विचारलं. ती टेस्टरकडे बघतही नव्हती. तिचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, आणि डोळ्यांत एकच विनवणी होती.

त्याने टेस्टर बंद केलं. "काही नाही ताई. शेजारच्याचं नेटवर्क आपल्यात घुसून राह्यलं होतं. बाकी काही नाही."

बाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी शेखरकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तुम्ही स्वतः पाहिलंत ना?"

"हाव काकू. म्या सोता पाह्यलं."

"मग झालं," बाई म्हणाल्या. ओवीला रेवतीच्या हातात दिलं, चालत राउटरपाशी गेल्या आणि आपल्या हाताने प्लग ओढला. रेवती ढसाढसा रडली. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं बिचारीचं. बाईंनी शेखरच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "सावकाश जा." त्यांचा हात थंडगार होता, आणि त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

शेखर गाडीवर बसला आणि स्वतःलाच दोन-तीन शिव्या घातल्या. यंत्र गरम झालं असेल, लेका. या उन्हात माणसाचं डोकं फिरतं, तर यंत्राचं काय? असं करत हायवेला लागला. खात्री करावी म्हणून वाटेत एका बाभळीखाली थांबला. आजूबाजूला नांगरलेली वावरं, लांबवर माणूस नाही, मेंढरू नाही. त्याने टेस्टर सुरू केलं.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. मोबाईल घराबाहेर पडला, की गप्प बसत नाही. तो आपल्या ओळखीच्या वायफायला नाव घेऊन हाका मारत राहतो, आहेस का, आहेस का. आपल्याला ऐकू येत नाही, टेस्टरला येतं.

पडद्यावर एकच ओळ होती. सोहम. शोधत आहे: स्नेहसदन.

टिक... टिक... टिक. रस्त्याच्या ज्या अंगाने तो आला होता, त्या अंगाने. जवळ येत होती.

शेखरने गाडी अशी हाणली की दुपट्टा उडून गेला तरी थांबला नाही. खामगावात शिरल्यावर माणसं दिसली, रसवंतीची घुंगरं ऐकू आली, तेव्हा जिवात जीव आला. बराच वेळ तिथेच माणसांत बसून राहिला, आणि घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. बायको डिंपल ओट्यावर बसून भाजी निवडत होती.

"अवो, तोंड काऊन असं झालं तुमचं? ऊन लागलं काय?"

"पाणी दे वं आधी."

"अन् हा वास कायचा? ढेप आणली काय कुठून?"

शेखर तसाच आत गेला. आतल्या खोलीत बॅग ठेवली. टेस्टर बाहेर काढलं, सुरू केलं. शोधत आहे: स्नेहसदन. टिकटिक दारातच होती. तेवढ्यात त्याची पोट्टी, गुड्डी, मागून येऊन त्याच्या खांद्यावर लोंबकळली. पहिलीतली, नुकती अक्षरं लागलेली. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, दिसेल ते वाचत सुटायची.

"सो... ह... म. बाबा, सोहम कोण हाय?"

"कोणी नाही. जाय, खेळ जाय."

ती गेली. आणि शेखरला सुचलं ते कोणत्याही नेटवाल्याला सुचलं असतं. जे हाका मारतं, त्याला ओ द्यायची. त्याने आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला, नाव दिलं स्नेहसदन, पासवर्ड दुपारचाच. लगेच पडद्यावर आलं, एक उपकरण जोडलं गेलं. हाका थांबल्या. खरं सांगतो, त्याला भीतीपेक्षा कीव जास्त आली. आई दोन वर्षं ज्याची वाट पाहत होती, त्याला आपण खोटं बोलून घराबाहेर काढलं, असं त्याला वाटलं. मन खात होतं. त्याने रेवतीच्या नंबरवर फोन लावला, तो स्नेहलताबाईंनी उचलला.

"काकू, म्या खोटं बोललो. तुमचा सोहम आला होता. मशीनवर नाव आलं होतं त्याचं. तुमी वायफाय चालू करा, तो अजून..."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. मागे गाडीच्या इंजिनाचा आवाज होता. त्या निघाल्या होत्या. "तुमचा चेहरा मी पाहिला होता."

"मंग प्लग काऊन काढला?"

बाई हळू बोलायला लागल्या, शेजारी रेवती झोपली असावी. "सोहम गेला त्या आठवड्यातच रुळावर काम करणारा एक माणूस त्याचा फोन मला देऊन गेला. तुकडे होते नुसते. रेवतीला मी सांगितलं नाही. तिला तरी आशा राहू दे म्हटलं. फोन माझ्या पेटीत होता, आणि दुपारी माझ्या मोबाईलवर, वायफायला जोडलेल्या नावांत, त्याचं नाव दिसायला लागलं. पहिल्या दिवशी मी आनंदाने वेडी झाले हो... मग कळलं. आईला कळतं. तो माझा सोहम नव्हता."

"मंग कोण?"

"नाही माहीत. ज्याने ते नाव नव्याने पाहिलं, त्याच्या मागे ते फिरतं. मी पाहिलं, माझ्या मागे फिरलं. वायफाय चालू असलं की दुपारी येतं, पण या घरापुरतंच राहतं, म्हणून चालू ठेवलं. ओवी आली की तिच्याभोवती घोटाळतं. लहान मूल त्याला जास्त आवडतं. मी पुण्याला गेले असते, तर माझ्याबरोबर ओवीच्या घरात आलं असतं. कुणीतरी दुसऱ्याने पाहायला हवं होतं."

शेखरने दाराकडे पाहिलं.

"तुम्हाला मुलंबाळं आहेत का, हे मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मुद्दामच विचारलं नाही. मला क्षमा नका करू. फक्त एक करा, ते यंत्र घरात कुणाला बघू देऊ नका."

"गुड्डीनं वाचलं ना काकू..." शेखर म्हणाला. "आता. माह्या खांद्यावरून. पहिलीत हाय ती."

पलीकडून एक हुंदका आला. मग शेखरचा फोनच बंद झाला. दिवसभराच्या धावपळीत बॅटरी संपली होती. त्याने चार्जर शोधला, खोचला, आणि तेवढ्यात लाईट गेली. गल्लीत पोरांचा नेहमीचा गलका उठला, डिंपलने बाहेरून वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. पंखा थांबला.

अंधारात टेस्टरचा पडदा तेवढा उजळलेला होता. हॉटस्पॉट मेला होता. सगळ्या मोहल्ल्यातले राउटर मेले होते. आता ते पुन्हा हाका मारणार म्हणून शेखर श्वास रोखून बसला. हाक आली नाही. सोहम हे नाव पडद्यावर तसंच होतं, आणि पुढे लिहिलं होतं, जोडलेले आहे. कशाला जोडलेलं, ती जागा कोरी होती.

"गुड्डे," त्याने हाक मारली. "गुड्डे, कुठी हायेस बेटा?"

"इथंच हावो ना बाबा," अंधारातून आवाज आला, पेंगुळलेला. ती कोपऱ्यातल्या गादीवर आडवी झाली होती.

शेखरने नावावर बोट ठेवलं. टेस्टर दाराकडे धरलं. टिक... टिक. खिडकीकडे धरलं. टिक... टिक... टिक. मग, धरायची इच्छा नसताना, त्याने ते गादीकडे नेलं. टिकटिक भराभर वाढली आणि तिचा एकच सलग सूर झाला. त्याने टेस्टर बंद केलं आणि जमिनीवर ठेवलं.

सूर चालूच राहिला, बारीक, गादीवरून. त्याने अंधारात चाचपून पाहिलं, तर गुड्डीचं तोंड मिटलेलं होतं.