तामेझो काकांचं पान

स्टोव्ह जरा मोठा कर रे, रेनतारो. आगीपासून सावध करायच्या गस्तीच्या पुढच्या फेरीला अजून वेळ आहे, आणि असल्या वाऱ्यात बाहेर उभं राहून तुमच्या त्या लाकडी टिपऱ्या कुणाला ऐकू जाणार? बसा सगळे. सांगतो.

शिगेकीला तुम्ही ओळखता. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो तो. हे त्याच्या घरात झालं, गेल्या वर्षी, एकोणतीस डिसेंबरच्या रात्री. त्याने मला स्वतः सांगितलं, एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

त्याची यासुनो मावशी ऑक्टोबरात वारली. बाहेरच्या किनाऱ्यावर, बोगद्याच्या पलीकडे तिचं घर. छप्पर गळायला लागलेलं. घरात घेण्यासारखं एकच होतं, ते बसकं मेज. केयाकीच्या लाकडाच्या एकाच फळीचं, गुडघ्याएवढं उंच, पणजोबांच्या वेळचं. हात फिरवला तर लोण्यासारखं लागायचं. शिगेकी म्हणाला, बर्फात भिजून तडकण्यापेक्षा आपल्याकडे आणू, नवीन वर्षाला सगळे त्याच्याभोवती बसू.

तो, त्याची बायको मिहो आणि सहा वर्षांची कोनात्सु, तिघं टेम्पो घेऊन गेले. मेज कसंबसं दाराबाहेर काढलं, तेवढ्यात शेजारची मात्सुनो आजी हातात मुळा घेऊन आली.

"नेताय होय? न्या, न्या. सांगितलंत ना पण त्याला?"

"कुणाला, आजी?"

"तुझ्या काकाला! तामेझोला. तो घरी येईल आणि मेज जागेवर नसेल, मग काय करील बिचारा?"

तामेझो काका म्हणजे मावशीचा नवरा. बुरी मासा धरायला म्हणून गेला, होडी सापडली, तो नाही सापडला. शिगेकी तेव्हा शाळेत होता. लांब गेलेल्या माणसाचं पान रोज वाढायचं, म्हणजे तो उपाशी राहत नाही, सुखरूप परततो, हे आपल्याकडे सगळ्या आया करत आल्या. पण मावशीने ते कधी थांबवलंच नाही. त्याच मेजावर, समुद्राकडच्या बाजूला, रोज संध्याकाळी भाताची वाटी, सूप, चहा. मरायच्या आदल्या दिवसापर्यंत.

"मोठ्याने सांग," आजी म्हणाली. "आत जा आणि सांग, मेज कुठे नेतोयस ते. आणि ती गेली, हेही सांग. त्याला कुणी सांगितलं नसेल."

"सांगतो हं आजी," शिगेकी हसला आणि दोर आवळायला लागला. "आधी बर्फ यायच्या आत बोगदा तर गाठू दे."

आत काही तो गेला नाही.

संध्याकाळी मेज पुसून खोलीत मांडलं. झकास दिसत होतं. मिहो आत रस्सा गरम करत होती. शिगेकी आणि कोनात्सु समोरासमोर बसले होते. कोनात्सु म्हणाली,

"बाबा, पाय घ्या ना तिकडे."

"माझे पाय इथे आहेत, मांडी घातलीये मी."

"मग हे कुणाचे? ओले आहेत."

शिगेकीने वाकून मेजाखाली पाहिलं. काही नव्हतं. फक्त चटई एका जागी काळपट पडली होती. बोट लावलं. जिभेला लावलं. खारट. रस्सा सांडला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. रस्सा अजून यायचा होता, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

जेवले. झोपले. दोघं आतल्या खोलीत, पोरगी मेजाच्या खोलीपलीकडे, मध्ये कागदी दारं.

रात्री अडीचच्या सुमाराला त्याला जाग आली. बाहेरचं दार सरकत होतं. हळू. त्याने स्वतः कडी लावलेलं दार.

मग आवाज आला.

"आलो गं..."

घसा पाण्याने भरलेला असावा तसा. तुम्हीआम्ही रोज घरात शिरताना म्हणतो, तेच. आणि ते ऐकलं की घरातल्याच्या तोंडून उत्तर आपोआप जातं. सवयच असते ती. शिगेकीने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

पलीकडच्या खोलीतून कोनात्सु झोपेत म्हणाली,

"आलात? या ना."

...

पावलं. ओली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं.

कुणीतरी बसलं. आसन पाण्याने भिजल्यासारखं पचकन वाजलं. मग लाकडावर बोटं वाजायला लागली. टक... टक... जेवणाची वाट बघणारा माणूस वाजवतो तशी. रागाने नाही. दमलेली.

शिगेकीला उठायचं होतं. अंग ऐकेना. तेवढ्यात कागदी दार सरकल्याचा आवाज आला. पोरगी उठली होती.

तेव्हा मात्र तो उठला. दाराला बोटभर फट केली. बाहेरच्या बर्फाचा उजेड आत आला होता. कोनात्सु मेजापाशी बसली होती, आपल्या जागेवर, पाय मेजाखाली घालून. आणि समुद्राकडच्या बाजूला... पाठ. मेणकापडाच्या कोटाची. मान खाली. पाणी निथळत होतं.

कोनात्सु त्या पाठीला काहीतरी सांगत होती.

"हो. येते ना मी," ती म्हणाली. "पण मला पोहता येत नाही."

...

शिगेकीला बाजूला सारून मिहो पुढे गेली. दिवा न लावता. स्वयंपाकघरात गेली, कुकरमधला भात वाटीत घेतला, मुळा आणि खायच्या काड्या ठेवल्या, चहा ओतला. सगळं आणून त्या बाजूला मांडलं आणि चटईला डोकं टेकवलं.

"तामेझो काका, पान वाढलंय. यासुनो मावशी आता नाहीत. ऑक्टोबरात गेल्या. तुम्हाला न सांगता मेज आणलं, चुकलं आमचं. जेवा तुम्ही... आणि पोरीला सोडा."

टकटक थांबली.

शिगेकीने पोरीला काखेत धरून ओढलं. निघेना. कंबरेच्या खाली कुणी धरून ठेवल्यासारखी. पाय बर्फासारखे गार. तो ओढत होता. मिहो डोकं वर करत नव्हती.

"पोरीला सोडा, काका..."

काही नाही.

"मावशी आता तिकडेच, तुमच्या बाजूला आहेत. तिकडे शोधा."

...

"हं," असा आवाज आला. एवढाच.

पोरगी सुटली. दोघं मागे पडली. मग काड्यांचा वाटीवर आवाज... सावकाश. फार सावकाश. उजाडेपर्यंत.

वाटीत भात उरला होता की नव्हता, हे मिहोने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाटी तिने फडक्यात बांधली आणि समुद्रात सोडली. कोनात्सु दुपारपर्यंत झोपली, उठली, भूक लागली म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं. आज शाळेत जाते, धडधाकट आहे. तिचं काही विचारू नका.

मेज त्याच दिवशी परत नेलं. या वेळी शिगेकी आधी आत गेला, रिकाम्या घरात उभा राहून सगळं मोठ्याने बोलला. कुठे नेलं, का नेलं, मावशी कशी गेली. रडला म्हणे. मग त्याने आणि मिहोने मेज आत घ्यायला आडवं धरलं. दार अरुंद, म्हणून ते कलवावं लागलं, आणि त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच त्याची खालची बाजू उजेडात आली.

शिगेकीचा जन्म होड्यांच्या तळांखाली गेलाय. पाण्यात वर्ष काढलेल्या होडीला खालून काय धरतं ते त्याला सांगावं लागत नाही. समुद्राकडच्या बाजूला, मेजाच्या पोटाला, पांढऱ्या टोकदार शिंपल्यांचा जाड थर होता. ओला. जिवंत. सुकं लाकूड, शंभर वर्षं घरात बसलेलं.

ते त्याने सोसलं असतं.

पण समोरच्या बाजूला, कोनात्सु बसली होती तिथे, आणखी होते. तिळाएवढे. नुकतेच धरलेले. तो बघत असताना हळूच उघडत होते.