चौथ्या ओळीचं कारण

दिवा लावलाय, बसा जवळ. सांगते, फक्त मला वेडी म्हणू नका.

त्या दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन इस्पितळात गेले होते. माझे धाकटे दीर डोक्याला मार लागून सहा दिवस तिथं बेशुद्ध होते, आणि हे त्याच इस्पितळात खालच्या मजल्यावर कामाला. रोग्याची माहिती घातली की काय करावं ते सुचवणारी संगणकातली गणितं असतात, हे त्यांना मॉडेल म्हणतात. ती मॉडेलं नीट लावून ठेवणारी यंत्रणा ह्यांनीच बांधलेली. एका मॉडेलाची एक ओळ; कुणी बनवलं, कधी बनवलं, सगळं त्या ओळीत. आणि ह्यांचा दंडक असा, की कारण दिल्याशिवाय कुठल्याही मॉडेलानं सल्ला द्यायचा नाही.

दीर चेष्टा करायचे, "वहिनी, दादा मॉडेलं जागच्या जागी लावतो, मोजे मात्र तुम्ही शोधायचे!"

ह्यांची खोली गार होती. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या वायरींचा वास. दिरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या.

"ऑपरेशनमध्ये धोका आहे, थांबण्यातही आहे. संध्याकाळपर्यंत ठरवायला हवं."

"तीन मॉडेलं आहेत," हे म्हणाले. "दोन म्हणतात करा, एक म्हणतं थांबा आणि..." ह्यांचा हात थबकला. "ही चौथी ओळ कुठली?"

मी वाकून पडद्यावर पाहिलं. बनवणाऱ्याची जागा कोरी. तारीख नाही. सल्ला: थांबा. कारण: वहिनींचं अळणी अजून तीन दिवस.

"कुणाची थट्टा ही? अळणी काय?" हे वैतागले.

नऊ दिवस मीठ खाणार नाही, असा नेम मी पहिल्याच दिवशी धरला होता. सांगितला होता फक्त दिरांच्या कानात. बेशुद्ध माणसाच्या.

मी तसं बोलले. एरवी माझ्या नेमांना हसणारे हे चष्मा पुसत राहिले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "थांबू या..."

तिसऱ्या दिवशी दिरांनी डोळे उघडले. ऑपरेशन न करता. मी तिथंच हात जोडले.

आता ते घरी आहेत. जेवतात, हिंडतात. फक्त मला 'बाई' म्हणतात. हळूहळू आठवेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटायचं. माझा स्वभावच आशेवर जगायचा.

काल हे घरी आले ते बूट न काढताच बसले.

"ती ओळ मी तीनदा काढून टाकली. परत येते. आज तिचं कारण बदललंय..."

"काय झालंय?"

ह्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"कारण: वहिनी, मला न्यायला कधी येताय?"

काय करावं, कळेना. मला येतं ते एवढंच. आज सकाळी पुन्हा मीठ सोडलं. मनातल्या मनात, ओठही हलवले नाहीत. माझ्यापुरतं अन्न आधीच काढून ठेवलं, मग बाकीच्यात मीठ घातलं. ताटं सारखीच दिसत होती.

दीर मान खाली घालून जेवत होते. मान वर न करताच हळू म्हणाले,

"बाई, पुन्हा सोडलंत...? आता कुणासाठी?"