बुकिंगचा मेल रोज दुपारी अडकायचा

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी शपथा घेत बसणार नाही, तेवढा वेळ माझ्याकडे नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसावं. आमच्या अख्ख्या मजल्याने ती पाहिली आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती. सगळे दिवे चालू होते आणि फोन वाजत होते.

आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. कंटेनर बुक करून द्यायचं काम. जहाजाची तारीख, मालाचं वजन, सगळं मेलवर. मेल वेळेत गेला नाही तर माल धक्क्यावर पडून राहतो, आणि शिव्या बुकिंगच्या खुर्चीला पडतात.

ती खुर्ची माझी होती.

मी रुजू झाले तेव्हा माझी लेक अजून पालथीसुद्धा पडत नव्हती. नवऱ्याचं काम सुटलं होतं, म्हणून मला लवकर बाहेर पडावं लागलं. साहेब मला कायम करणार की घरी बसवणार, ते ठरायचं होतं.

आमच्याकडे मेलचा पत्ता माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. गिऱ्हाइकांना तोच पत्ता पाठ. माणूस बदलला तरी मेल तोच, पासवर्ड तोच, मागच्याचं कॅलेंडरसुद्धा तसंच. मलाही सगळं होतं तसं सोपवलं.

माझ्या आधी तिथे कोण बसायचं, ते कुणी सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यापासूनच मेल अडकायला लागला. सकाळी छान चालायचा. दुपारी, चहा यायच्या जरा आधी... टिंग. बारीकशी घंटी. मग स्क्रीन पांढरी फटक. बाणाच्या जागी गोल गोल फिरणारं चाक. काही दाबा, ढिम्म हलायचं नाही.

नेमकी तीच माझी दूध काढायची वेळ. छाती दाटून दगड झालेली असायची. मी पंपाची पिशवी आणि किल्ली उचलून मागच्या फाइलींच्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे. परत यायचे तर मेल सुरळीत चालू.

साहेबांना हे दोन आणि दोन चारसारखं दिसलं.

"तुम्हाला उठायचं असतं तेव्हाच बरा मेल अडकतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "बाळ घरी ठेवून आलात ना? मग त्याची कामं इथे कशाला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी हवी होती. मी खाली बघून "हो सर" म्हटलं. घरी जाऊन लेकीला छातीशी धरलं तेव्हा कुठे धुमसणं थांबलं. तिच्या टाळूचा वास घेत मी साहेबांना मनात जे जे म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याला सगळे 'रिस्टार्ट' म्हणायचे, कारण आग लागली तरी तो आधी तेच सांगेल.

"रिस्टार्ट केलंत?" तो म्हणाला.

"सकाळपासून तेच करतेय. आता मीच रिस्टार्ट व्हायची राहिलेय."

तो हसला आणि कामाला लागला. जुने मेल बाजूला काढले. मेलची फाइल दुरुस्त करून घेतली. मेलला जोडलेली जादाची सगळी सोंगं बंद केली. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला.

दुपारी... टिंग.

यावेळी तो समोरच होता. त्याने स्क्रीनवरच्या उघड्या खिडक्या एकेक करून खाली केल्या. सगळ्यांच्या मागे एक छोटीशी चौकट होती.

"हे बघा, इथे लपलंय. कॅलेंडरमधली आठवण आहे. हिला उत्तर मिळेपर्यंत मेल पुढे सरकत नाही."

"कसली आठवण?"

"काही लिहिलेलं नाही. कोरी आहे. रोज दुपारची लावलीये. तुमच्या आधीच्या मॅडमनी लावली असेल." त्याने ती पुसून टाकली. "संपलं. आता बिनधास्त काम करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टिंग.

त्याने पुन्हा पुसली. मग जुनं कॅलेंडरच उडवलं, नवं कोरं लावलं. नव्यातही ती उगवली. त्याने कुणी लावलीये ते उघडून पाहिलं, आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"काय झालं?"

"ही आज सकाळी लावलीये. याच मशीनवरून. तुम्ही यायच्या आधी." त्याने पिशवी आवरली. "मॅडम, राग मानू नका. मी या मशीनला परत हात लावणार नाही."

त्या दिवशी फाइलींच्या खोलीत मी पंप बंद केला आणि तरी आवाज येत राहिला.

घर्र... घर्र... घर्र...

कपाटांच्या मागून.

मी पंपाची पिन भिंतीतून काढली. आवाज चालूच. कपाटामागे जाऊन पाहायची हिंमत झाली नाही. बाटलीला झाकण लावलं आणि बाहेर आले, ती थेट हिशेबाच्या काकूंकडे. ऑफिसात सगळ्यात जुन्या त्याच.

"काकू, माझ्या खुर्चीवर आधी कोण होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "तुझ्यासारखीच होती. ओली बाळंतीण. तीही त्याच खोलीत जायची."

"मग?"

"साहेबांनी किल्ली काढून घेतली. सगळे मेल गेल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, म्हणाले. दूध साचून गाठ झाली. ताप चढला. तापात कुडकुडत बसून मेल करायची गं. ओढणी पुढे धरून. ती गाठ पिकली, विष अंगात भिनलं... आठवडाभरात गेली. आम्ही सगळे बघत होतो. एकानेही तोंड उघडलं नाही."

मला वाटलं होतं मी घाबरेन. पण घाबरले नाही. चिडले. त्या माणसावर, काकूंवर, अख्ख्या मजल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बुकिंग हुकलं होतं. दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"उठा. कसा अडकतो तेच बघतो."

ते माझ्या खुर्चीत बसले. एक मेल पाठवला. गेला. दुसरा. तोही गेला.

"बघा सगळ्यांनी. मेलला काही धाड भरलेली नाही. यांनाच बहाणा हवाय." त्यांनी हात पुढे केला. "त्या खोलीची किल्ली द्या. आजपासून संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मी किल्ली मुठीत आवळली. छाती ठणकत होती.

टिंग.

स्क्रीन पांढरी झाली.

साहेबांनी माउस हलवला. कळा बडवल्या. आणि मागच्या बंद खोलीतून...

घर्र... घर्र...

सगळ्यांच्या माना वळल्या. खोलीला कुलूप होतं. माझा पंप माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

"एसी बंद करा," साहेब म्हणाले.

"बंदच आहे सर," कुणीतरी म्हणालं.

त्यांचे दात वाजत होते. ते उठायला गेले. टेबलाला हात टेकून जोर लावला... आणि पुन्हा बसले.

"मला उठवत नाहीये."

कुणी हललं नाही. मग हिशेबाच्या काकू उभ्या राहिल्या. "तिलाही तुम्ही असंच बसवलं होतं," त्या म्हणाल्या.

साहेबांचा हात छातीवर गेला. तोंड वेडंवाकडं झालं. आणि त्यांच्या निळ्या शर्टावर... छातीपाशी... एक ओला डाग उमटला. मग शेजारी दुसरा. दोन्ही हळूहळू पसरत गेले.

वास मी लगेच ओळखला. माझ्या सगळ्या कपड्यांना तो येतो.

कुणी हसलं नाही.

"दुखतं ना?" मी विचारलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "जा," ते पुटपुटले. "तुम्ही जा. तुमचं आटपून या."

खोलीतला आवाज थांबला. स्क्रीन जागी झाली.

साहेब पुन्हा ऑफिसला आले नाहीत. तापाने अंथरूण धरलं, मग नोकरी सोडली, एवढंच कळलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनी मला कायम केलं. मेल त्यानंतर एकदाही अडकला नाही.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

मी रोज एक बाटली भरून आणते. परवा पिशवीतून दोन निघाल्या. मी बघायच्या आत सासूबाईंनी दोन्ही पाजल्या होत्या.

"आज बरंच आणलंस गं," त्या म्हणाल्या. "बघ कशी तृप्त झोपलीये."

दुसरी बाटली आमच्याकडची नव्हतीच.

काकूंना विचारलं, माझ्या खुर्चीवर आधी होती तिचं बाळ कुठे असतं? बाप घेऊन गेला, म्हणाल्या. कुठे, ते कुणाला माहीत नाही.

काल पुन्हा दोन. आजही दोन. तिची बाटली गळ्यापर्यंत भरलेली असते आणि एवढ्या वेळानंतरही कोमट. माझी काल अर्धीच भरली. आज तर तळ जेमतेम झाकला गेला. वैद्यबाई म्हणतात, दगदगीने होतं असं.

तिची बाटली मी बेसिनवर घेऊन गेले होते. उलटी करवेना. त्या दुधापायी तिचा जीव गेला. ते मी मोरीत कसं ओतू? आणि लेकीच्या तोंडाला तरी कसं लावू?

लेक आत्ता उठलीये. छातीशी घेऊन पाहिलं. ओढून ओढून दमली, आता रडतेय.

घरात दूध तेवढंच आहे.